घरच्या गाडीसाठी घरीच केलेली हत्यारं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अनगोळ, येळ्ळूर, खानापूर, निपाणी, संकेश्वर... गाव कुठलंही असो, घरी गाडी खोलणाऱ्यांचे प्रश्न फिरून तेच येतात. प्रत्येकाला फोनवर वेगळं सांगण्यापेक्षा सगळं एका जागी लिहून ठेवतो. एका उत्तराचा धागा दुसऱ्यात गेला असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिलाय. बहुतेक गोष्टी दुचाकीच्या आहेत, कारण विचारणारे बहुतेक दुचाकीवालेच आहेत.

१. पाने तर दुकानात मिळतात की. मग घरी करायचं ते काय?

साधे पाने घरी करत बसू नका. सहा-सातपासून वीस-बावीसपर्यंतचा फिक्स पान्यांचा संच, तसाच एक रिंग पान्यांचा, ८, १०, १२, १४ चे टी पाने आणि एलन कीचा जुडगा सरळ विकत घ्या. घरी करायची ती हत्यारं वेगळी. क्लच खोलताना आतला भाग धरून ठेवायला लागतं ते, चाकातलं बेअरिंग ओढून काढायला लागतं ते, चार खाचांचा नट फिरवायला लागतं ते. कंपनीच्या पुस्तकात यांना ‘स्पेशल टूल’ म्हणतात. तीन वर्षांतून एकदा लागतात आणि नेमकी रविवारी दुपारी लागतात.

माझा हिशेब असा: धरणारं, ओढणारं किंवा अडचणीत पोचणारं हत्यार घरी करावं. बारीक मोजणारं विकत आणावं. आणि मोडलं तर अंगावर येईल असं काही घरी करायचंच नाही (प्रश्न १६ आणि १७).

२. पहिलं हत्यार कुठलं करू?

स्प्रिंग ओढायचा हूक. गाडीच्या चाकातला जुना स्पोक घ्या, एक टोक आकड्यासारखं वाकवा, दुसरं टोक लाकडाच्या मुठीत ठोका. ब्रेक शूची आणि स्टँडची स्प्रिंग याने सहज निघते. नाहीतर पक्कड सटकून बोटं सोलली जातात. अर्ध्या तासाचं काम, पण पहिलं हत्यार हातात आलं की पुढचं सुचायला लागतं.

३. घरात किमान काय असायला पाहिजे?

शेगडा, म्हणजे बेंच वाइस. हा नसेल तर बाकी सगळं व्यर्थ. चार इंची पुरे, पण तो जाड फळीला किंवा ओट्याला बोल्टने आवळलेला हवा. हलणाऱ्या शेगड्यात कानस चालत नाही. त्याबरोबर हॅकसॉ, एक चपटी आणि एक गोल कानस, हँड ड्रिल, दीड-दोन पौंडी हातोडा, सेंटर पंच. ग्राइंडर नंतर घेतला तरी चालतो. घ्याल तेव्हा डोळ्यांवर पूर्ण झाकणारा चष्मा त्याच पिशवीतून आणा. गार्ड काढून ग्राइंडर चालवणारे दोन जण मला माहीत आहेत, दोघांच्याही हातावर खूण आहे.

४. वेल्डिंग मशीन नाही, येतही नाही. काही अडतंय काय?

अडत नाही. कापणं, घासणं, जुळवणं घरी करा आणि दोन टाके मारायला तुकडे गावातल्या वेल्डिंगवाल्याकडे न्या. तो शेतीची अवजारं आणि गेटं जोडत असतो, तुमचं काम पाच मिनिटांचं. मात्र तुकडे तारेने घट्ट बांधून न्या आणि कोन खडूने आखून न्या. ‘असं असं कराय पाहिजे’ म्हणत हातवारे केले तर तो त्याच्या अंदाजाने जोडतो.

तीन गोष्टी सांभाळा. जस्ताचा मुलामा असलेला जीआय पाइप वेल्ड करायचा असेल तर मुलामा आधी घासून काढा. त्या पांढऱ्या धुराने रात्री थंडी वाजून ताप भरतो. चकचकीत क्रोमच्या सॉकेटचंही तेच, क्रोम घासा मगच जोडा. आणि ब्रेक क्लीनरच्या स्प्रेने पुसलेला भाग लगेच वेल्डिंगला देऊ नका. काही स्प्रेमधल्या क्लोरीनच्या द्रवातून उष्णतेने विषारी वायू तयार होतो. पुसायचं तर साबणाच्या पाण्याने धुवा आणि वाळवा.

५. लोखंड, तुकडे, जुने पार्ट कुठून आणायचे?

बेळगावात राहून हा प्रश्न म्हणजे नदीकाठी तहान. उद्यमबागेत लेथ आणि फाउंड्रीची वर्कशॉपं ओळीने आहेत. लेथवर उरलेले गोल तुकडे भंगारात जातात, विचारलं तर वजनावर देतात. मच्छेकडेही तेच. निपाणी-चिकोडीकडच्या लोकांना कोल्हापूरचं शिवाजी उद्यमनगर जवळ पडतं. थ्रेडेड रॉड, वॉशर, पट्टी, अँगल कुठल्याही हार्डवेअरमध्ये मिळतं. जुन्या क्लच प्लेटा, चेन, बेअरिंगच्या रिंगा गॅरेजवाले फेकूनच देतात, चहा पाजून मागा.

बेळगाव या कामाचं जुनं गाव आहे. किर्लोस्कर बंधूंचं सायकलचं दुकान १८८८ साली इथेच निघालं, त्यातूनच पुढे कडबा कापायचं यंत्र आणि लोखंडी नांगर आला, आणि १९१० मध्ये कारखाना किर्लोस्करवाडीला गेला. सुरुवात पंक्चर आणि पान्यांपासूनच झाली होती.

लेथवाला कन्नड बोलणारा असला तरी काळजी नको. माप कागदावर मिलिमीटरमध्ये लिहून न्या आणि ज्या भागावर बसवायचं तो भाग सोबत न्या. मापापेक्षा नमुना बरा.

६. कुठलं लोखंड कशाला वापरायचं? दिसायला सगळं सारखंच.

दिसायला सारखंच, पण ग्राइंडरला लावलं की बोलतं. साध्या एमएसच्या (माइल्ड स्टील, म्हणजे मऊ लोखंड) ठिणग्या लांब, सरळ, पिवळसर असतात आणि फार फुटत नाहीत. कडक पोलादाच्या, म्हणजे जुनी कानस, बेअरिंगची रिंग यांच्या ठिणग्या आखूड आणि फुलबाजीसारख्या फुटतात. बिडाच्या ठिणग्या आखूड आणि तांबूस. दुसरी परीक्षा कानशीची: कानस लागली तर मऊ, घसरली तर कडक.

एमएस पट्टी आणि अँगल मुठी, हँडल, स्टँड यांना चालतं. दात, चोच, टोक असा भार घेणारा भाग मात्र एमएसचा केला तर पहिल्याच झटक्याला वाकतो. त्याला जीप-ट्रकच्या पाट्याचा (स्प्रिंगच्या पट्टीचा) तुकडा, जुना सॉकेट किंवा जाड बोल्ट घ्या. बोल्टच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ लिहिलेलं असेल तर तो चांगल्या पोलादाचा.

जुनी कानस पाहून पुष्कळांना पंच किंवा टायर काढायची पहार करावीशी वाटते. तशीच वापरू नका. कानस काचेसारखी ठिसूळ असते, हातोडा बसला की तुकडा उडतो आणि तो नेमका डोळ्याकडे येतो. बेअरिंगच्या रिंगेवर थेट हातोडा मारू नये, तोही याच कारणाने.

७. पोलादाला पाणी घरी देता येतंय काय?

पाणी देणं म्हणजे तापवून, बुडवून कडक करणं. ते येतं, पण आधी बघा की द्यायची गरज आहे काय. पाट्याच्या तुकड्यापासून टायर लिव्हर करायची असेल तर पाट्याला कारखान्यातच पाणी दिलेलं असतं. ग्राइंडरने हळूहळू कापा, दर काही सेकंदांनी पाण्यात बुडवा, रंग निळा पडू देऊ नका. मूळचा कडकपणा शाबूत राहतो आणि भट्टी पेटवायची कटकट नाही. माझ्या दोन्ही लिव्हर अशाच केलेल्या आहेत.

वाकवायचंच असेल, तर मग तापवावं लागतं. लाल झाल्यावर वाकवा आणि राखेत पुरून सावकाश निवू द्या. कानशीने आकार द्या. मग पुन्हा तापवा आणि चुंबक लावून बघा. सुमारे ७७० अंशांना लोखंडाला चुंबक चिकटेनासं होतं. तिथून किंचित पुढे गेलं, की तेलात बुडवा. पाट्याचं पोलाद पाण्यात बुडवलं तर तडकू शकतं, म्हणून ‘पाणी देणं’ म्हटलं तरी द्यायचं असतं तेल. जुनं इंजिन ऑइल वापरू नका, त्याचा धूर वाईट. मी तळून उरलेलं शेंगतेल खोल लोखंडी डब्यात घेतो. डबा अर्धाच भरायचा, झाकण हाताशी ठेवायचं, आणि हे उघड्यावर करायचं. तेल पेट घेतं. तेव्हा झाकण टाकायचं, पाणी नाही.

आता तुकडा कडक आहे पण ठिसूळ. एक बाजू घासून चकचकीत करा आणि मागच्या बाजूने हळूहळू शेक द्या. रंग चढत जातो: आधी गवती पिवळा, मग तपकिरी, जांभळा, शेवटी निळा. छन्नीचं टोक तपकिरी-जांभळ्यावर थांबवा. लिव्हर किंवा हूक निळ्यापर्यंत, साधारण ३०० अंश, जाऊ द्या. हा रंग ओळखणं गावातल्या लोहाराकडे अर्धा तास बसलात तर पंधरा वेळा वाचण्यापेक्षा लवकर कळेल.

८. क्लच खोलताना मधला नट सुटत नाही, सगळंच फिरतंय. काय करू?

सगळ्यात जास्त आलेला प्रश्न हाच. आधी काय करू नये ते सांगतो, कारण मी ते केलंय. दात्यांमध्ये स्क्रू ड्रायव्हर अडकवून पाना मारला. क्लचचं बाहेरचं भांडं अॅल्युमिनियमचं असतं. त्या भांड्याचं एक बोट मोडलं, आणि दहा मिनिटं वाचवायला गेलो ते आठवडाभर गाडी उघडी पडली.

त्याच मॉडेलची जुनी लोखंडी क्लच प्लेट घ्या, घासलेली चालते. तिचे दाते आतल्या बाजूला असतात आणि ते क्लचच्या मधल्या भागात बसतात. एक प्लेट पातळ असते, म्हणून दोन एकावर एक ठेवून कडेने टाके मारून घ्या. त्यांना २५ मिमी रुंद, ५ मिमी जाड, फूटभर लांब पट्टी वेल्ड करा. पट्टी प्लेटच्या कडेलाच जोडा, मध्ये आणू नका, नाहीतर सॉकेट जाणार नाही. प्लेटा काढल्या की हा धरणा मधल्या भागावर बसवायचा, पट्टी फूटरेस्टला टेकवायची आणि नट सोडायचा.

पुढचा स्प्रॉकेट धरायचा असेल तर जुन्या चेनचा हातभर तुकडा पट्टीच्या टोकाला बोल्टने जोडा आणि स्प्रॉकेटभोवती गुंडाळा. हाच चेन-पाना कारच्या ऑइल फिल्टरलाही चालतो, पण फक्त काढायला. नवा फिल्टर हातानेच आवळतात.

९. चार खाचांचा गोल नट आहे, कुठलाच पाना बसत नाही.

छन्नीने ठोकून फिरवायचा मोह होईल. तसं केलं तर खाचा मरतात आणि पुढच्या वेळी तो नट कुणालाच निघत नाही.

नटाच्या बाहेरच्या मापापेक्षा थोडा मोठा जुना सॉकेट किंवा जाड सीमलेस पाइप घ्या. नटावर काजळी लावून जाड पुठ्ठ्यावर छाप घ्या. तोच छाप सॉकेटच्या तोंडावर चिकटवा आणि खाचांच्या जागी दात शिल्लक राहतील असं बाकीचं घासून टाका. दात खाचेच्या खोलीपेक्षा किंचित आखूड ठेवा, म्हणजे सॉकेटचं तोंड नटावर सपाट टेकेल. दातांच्या कडा काटकोनात हव्यात. उतार राहिला तर जोर लावताना हत्यार वर उडतं. घासताना पाण्यात बुडवत राहा (कारण प्रश्न ७ मध्ये). पाइपचं केलं असेल तर मागच्या बाजूला मोठा नट वेल्ड करा, म्हणजे रिंग पाना लागतो. फिरवण्याआधी नटाची वाकवलेली लॉक पट्टी सरळ केली का, ते बघा. निम्मे फोन त्यासाठीच असतात.

१०. मॅग्नेट पुलर घरी करू काय?

नाही. मॅग्नेटचं फ्लायव्हील ओढून काढायचं हे हत्यार, त्याचे आटे बारीक आणि मॉडेलप्रमाणे वेगळे. एक आटा चुकला तर फ्लायव्हीलचे आटे जातात. तुमच्या मॉडेलचा तयार पुलर महाग नसतो, तोच घ्या. तीन पायांचा पुलर फ्लायव्हीलच्या कडेला लावू नका, आणि क्रँकच्या टोकावर हातोडा तर मुळीच नको.

११. चाकाचं बेअरिंग काढायला आणि बसवायला घरचं काय वापरायचं?

काढायला भिंतीत ठोकायचा अँकर बोल्ट. बेअरिंगच्या आतल्या रिंगेत जेमतेम जाईल असा घ्या, बेअरिंगचा नंबर ६३०१ असेल तर आतलं माप १२ मिमी. आत घालून आवळला की तो फुगून पकडतो. मग चाकाच्या दुसऱ्या बाजूने लांब सळई घालून ठोका.

बसवायला हातोडा नको, थ्रेडेड रॉडचा प्रेस करा: १० किंवा १२ मिमीचा फूटभर रॉड, दोन नट, चार जाड वॉशर. ज्या रिंगेवर जोर द्यायचा ती महत्त्वाची. हबमध्ये बसवताना बाहेरची रिंग दाबायची. दांड्यावर बसवताना आतली. उलटं केलं तर गोळ्यांतून जोर जातो आणि नवं बेअरिंग महिन्याभरात गुणगुणायला लागतं. बाहेरची रिंग दाबायला सगळ्यात चांगली वस्तू म्हणजे त्याच नंबरच्या जुन्या बेअरिंगची बाहेरची रिंग, कडेने थोडी घासून. ६३०१ चं बाहेरचं माप ३७ मिमी, ती ३६.५ पर्यंत आणली की हबमध्ये अडकून बसत नाही. रॉडच्या आट्यांना ग्रीस लावा.

नवं बेअरिंग तासभर फ्रीजरमध्ये ठेवा आणि हबवर उकळतं पाणी ओता, मग निम्म्या जोराने बसतं. फ्रीजरमध्ये प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. आमच्याकडे एकदा आंब्याच्या रसाशेजारी उघडं सापडलं, त्यानंतर परवानगी काढावी लागते.

दोन बेअरिंगांच्या मध्ये नळी असते. दुसरं बेअरिंग बसवण्याआधी ती आत घाला आणि नळीला टेकल्यावर थांबा. त्यापुढे आवळलं तर चाक जड फिरतं.

१२. फोर्कचं सील बदलायला काही स्वस्तात?

फोर्कच्या नळीवर सैल बसणारा पीव्हीसी पाइप हातभर घ्या, टोक सरळ कापा, जुनं सील नव्यावर ठेवून पाइपने ठोका. तळाचा बोल्ट सोडताना आतला दांडा फिरतो, त्यासाठी झाडूचा किंवा कुदळीचा दांडा टोकाला शंकूसारखा तासून वरून आत दाबा. लाकूड धरतं आणि ओरखडत नाही. दुरुस्तीत लाकूड लोखंडाला भारी पडतं, ते अशा ठिकाणी.

१३. बोल्टचे आटे गेले. घरी टॅप करता येतो काय?

पुरता टॅप (नवे आटे पाडायचं हत्यार) नाही, पण आटे साफ करायचं हत्यार येतं. त्याच मापाचा ८.८ चा बोल्ट घ्या, लांबीभर तीन खाचा कानशीने पाडा, टोक थोडं निमुळतं करा. तेल लावून अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. रंग, गंज, चिकटलेला चिखल निघतो आणि दबलेले आटे उघडतात. आटे पूर्ण मेले असतील तर हे कामाचं नाही. मग खरा टॅप आणि हेलिकॉइल (भोकात नवे आटे म्हणून बसवायची तारेची गुंडाळी) लागतो. नवीन आटे पाडायचे तर ६ मिमीला ५ चं, ८ मिमीला ६.८ चं ड्रिल.

त्याआधी आटे उलटे तर नाहीत ना, ते बघा. सायकलच्या डाव्या पेडलला उलटे असतात, यामाहाच्या मोटारसायकलींना उजव्या आरशाला उलटे असतात. सुटत नाही म्हणून जोर लावणारे बरेचदा आवळतच असतात.

१४. टॉर्क रेंच महाग आहे. त्याशिवाय किती आवळलं ते कसं कळणार?

‘मोजणारं विकत आणा’ असं वर म्हटलं, त्याला हा एक अपवाद. तराजूचा हूक-काटा, बॅग मोजायचा डिजिटल असतो तो चांगला, रिंग पान्याच्या टोकाला अडकवा आणि पान्याशी काटकोनात ओढा. टॉर्क म्हणजे जोर गुणिले अंतर. १ किलो म्हणजे ९.८१ न्यूटन.

पुस्तकात २४ न्यूटन-मीटर दिलं आहे आणि बोल्टच्या मध्यापासून हुकापर्यंत अंतर २५ सेंमी आहे, असं समजा. २४ भागिले ०.२५ म्हणजे ९६ न्यूटन, म्हणजे काट्यावर ९.८ किलो. अंतर ३० सेंमी असेल तर ८० न्यूटन, ८.२ किलो. पान्यावर खूण करून ठेवा, म्हणजे दर वेळी मोजायला नको. ओढ हळू आणि एकसारखी हवी, झटका दिला की आकडा खोटा. आणि काटकोन सुटला की काटा जास्त दाखवतो, बोल्टला मात्र कमी मिळतं.

ऑइलचा ड्रेन बोल्ट, एक्सलचा नट, प्लग यांना हे पुरेसं आहे. सिलिंडर हेडला नाही. तिथे बरोबर अवजार असलेल्याकडे जा.

अवघड पोटप्रश्न: ‘क्लिक’ करणाऱ्या रेंचला पुढे सरळ रेषेत जोडपट्टी लावली तर? तेव्हा सेटिंग कमी करावं लागतं. ४० न्यूटन-मीटर हवं, रेंच ३०० मिमी, जोडपट्टी १०० मिमी, तर ४० गुणिले ३०० भागिले ४०० म्हणजे ३० वर सेट करा. जोडपट्टी काटकोनात लावली तर बदल नको. काट्याच्या पद्धतीत हा घोळच नाही, कारण अंतर आपण बोल्टच्या मध्यापासूनच मोजतो.

१५. वायरिंग तपासायला दिवा कसा करू? आणि ब्रेकमधली हवा?

दिवा: इंडिकेटरचा १२ व्होल्ट, १० वॅटचा बल्ब, एका वायरला क्लिप, दुसरीला गोधडीची सुई. हा बल्ब जवळपास ०.८ अँपिअर ओढतो, म्हणून हॉर्न, लाइट, फ्यूज यांना उत्तम: वायर नुसती दाखवायला जिवंत आहे की खरंच करंट देते, ते कळतं. पण बीएस-६ गाडीच्या ईसीयूच्या (इंजिन सांभाळणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डब्याच्या) वायरींना तो लावू नका. तिथे एलईडीला १ किलो-ओहमचा रेझिस्टर जोडून दुसरा दिवा करा, तो १० मिलिअँपिअरच्या आसपास घेतो. कारच्या एअरबॅगच्या पिवळ्या वायरींना कुठलाच दिवा नको.

ब्रेक: झाकणाला दोन भोकं पाडलेली बाटली आणि माशांच्या टाकीची पारदर्शक नळी. बाटलीत थोडं ब्रेक ऑइल घाला, नळीचं टोक त्यात बुडलेलं ठेवा, निपलला (ब्रेकवरच्या हवा सोडायच्या स्क्रूला) ८ चा रिंग पाना. निघालेलं ऑइल पुन्हा वापरू नका, ते हवेतली ओल पिऊन बसलेलं असतं. खानापूरच्या जुलैत तर उघडी बाटलीही टाकूनच द्या. सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, रंग जातो. ब्रेक ऑइलच्या प्रकारांत डॉट ३ आणि डॉट ४ ग्लायकोलचे, डॉट ५ सिलिकॉनचं, ते यांच्यात मिसळायचं नाही.

एबीएसची गाडी असेल तर टाकीतलं ऑइल संपू देऊ नका. हवा एबीएसच्या ठोकळ्यात शिरली तर ती काढायला कंपनीचं यंत्र लागतं, बाटली पुरत नाही.

१६. कारखाली शिरायला चिऱ्यांचा आधार चालेल काय? आमच्याकडे ढिगाने आहेत.

नाही. चिरा म्हणजे जांभा दगड, तो सच्छिद्र असतो, पाणी पिऊन मऊ पडतो, आणि एका कोपऱ्यावर भार आला की सांगून फुटत नाही. सिमेंटचा पोकळ ब्लॉकही तसाच. जॅक फक्त उचलायला असतो, धरायला नाही. वजन लिहिलेले जॅक स्टँड विकत घ्या, घरी वेल्ड केलेले नकोत. टाका कसा बसलाय हे वरून दिसत नाही.

घरी करायचाच असेल तर लाकडी रॅम्प: दोन इंची जाड, चाकापेक्षा रुंद फळ्या पायऱ्यांसारख्या एकावर एक स्क्रूने जोडून, वर चाक अडायला आडवी पट्टी. चाक रॅम्पवर, मागच्या चाकांना दोन्हीकडून ओंडके, हँडब्रेक, गाडी गिअरमध्ये, जमीन सपाट. ऑइल बदलायला तेवढी उंची पुरते.

१७. कारच्या सस्पेन्शनची कॉइल स्प्रिंग दाबायला थ्रेडेड रॉडचं काही करू काय?

करू नका. दाबलेली स्प्रिंग सुटली तर माणूस मरतो. यावर दुसरं उत्तर नाही.

१८. आजोबांची जुनी बुलेट आहे. कुठलाच मिमी पाना नीट बसत नाही.

बसणारच नाही. जुन्या बुलेटला इंग्लिश आटे आणि व्हिटवर्थची मापं. या पान्यावरचा आकडा डोक्याचा नसतो, बोल्टच्या जाडीचा असतो. ३/१६ व्हिटवर्थचं डोकं ११.३ मिमी, १/४ चं १३.३, ५/१६ चं १५.२. म्हणून १३ जात नाही आणि १४ कोपरे मारतो. उपाय सोपा: जुना १३ चा फिक्स पाना घेऊन तोंड कानशीने फक्त ०.३ मिमी मोठं करा, दोन्ही जबड्यांत सारखं. ११ आणि १५ चंही तसंच. पान्यावर पंचने खूण करा, नाहीतर उद्या तोच पाना घरच्या दुसऱ्या गाडीला लावून तिचे कोपरे माराल.

१९. घरी खोललं तर वॉरंटी जाईल काय? पोलीस अडवतील काय?

हत्यार घरी करायला किंवा स्वतःची गाडी स्वतः दुरुस्त करायला कुणी अडवत नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्याबद्दल आहे, दुरुस्तीबद्दल नाही. पाटी केए-२२ असो की एमएच-०९, हा कायदा केंद्राचा, दोन्हीकडे एकच. वॉरंटी चालू असेल तोपर्यंत इंजिनचं सील मोडू नका, बाकी शिकायला जुनी गाडी घ्या.

२०. पावसाळ्यात सगळ्या हत्यारांना गंज चढतो.

घरच्या हत्यारांना क्रोम नसतं, चढणारच. साध्या एमएसचं हत्यार पूर्ण झालं की निळसर होईपर्यंत तापवून तेलात बुडवा, काळा थर बसतो, तो बराच काळ टिकतो. कडक पोलादाचं मात्र असं तापवू नका (कारण प्रश्न ७ मध्ये). मे संपताना पातळ ग्रीस लावून जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळा. आणि खंडेनवमीला पूजेआधी सगळी पेटी रिकामी करा. आमच्याकडे हरवलेला १० चा पाना दर वर्षी त्याच दिवशी सापडतो.

२१. इलेक्ट्रिक स्कूटरला यातलं काही चालेल काय?

ब्रेक, बेअरिंग, फोर्क, स्टिअरिंग, सगळं चालतं (प्रश्न ११, १२, १५). बॅटरीचा डबा आणि जाड केबली सोडा. तिथे करंट मोठा असतो, पाना आडवा पडला तर जागीच वेल्ड होतो.

चाकातच मोटर असेल तर एक अडचण येते: केबल एक्सलमधून बाहेर येते, म्हणून रिंग पाना किंवा सॉकेट नटावर घालताच येत नाही. फिक्स पाना लावला तर कोपरे जातात. नटाच्या मापाचा जुना रिंग पाना घ्या आणि रिंगेला एका बाजूने केबल जाईल एवढी फट ग्राइंडरने पाडा, पाण्यात बुडवत. फट कोपऱ्यावर न येता दोन कोपऱ्यांच्या मध्ये आली पाहिजे. फटीच्या कडा कानशीने गोल करा, नाहीतर पहिल्याच वेळी केबलचं रबर सोलेल. बीएस-६ कारचा ऑक्सिजन सेन्सर काढायलाही असाच फट पाडलेला २२ चा सॉकेट लागतो. तो मात्र इंजिन थोडं कोमट असताना सोडवा.